सारखं पोट दुखतं, पण झालंय काय? निदानापर्यंत पोहोचायची वाट

माझं पोट १३ महिने दुखत होतं. तेवढ्यात चार डॉक्टर झाले, दोन सोनोग्राफ्या झाल्या, आईने बेंबीभोवती हिंग लावून झाला, नाभी सरकलीय म्हणून शेजारच्या काकूंनी पोटावर दिवा ठेवून वर पेला पालथा घातला, आणि वजन ६८ वरून ५७ किलोंवर आलं. शेवटी निघाला आतड्याचा टीबी. खोकला नव्हता, छातीचा एक्स-रे स्वच्छ होता, घरात कोणाला कधी टीबी झालेला नव्हता. त्यामुळे ही शंका कोणाला आली नाही, मला तर नाहीच.

मी डॉक्टर नाही, साखर कारखान्यात हिशेब बघतो. तुमचं दुखणं वेगळं असेल, बहुतेक वेगळंच असेल. पित्ताचे खडे, अल्सर, मुतखडा, आतड्याची सूज, गर्भाशयाच्या तक्रारी, पोट दुखायला कारणं ढीगभर आहेत. पण निदानापर्यंत जायचा रस्ता बराचसा सारखा आहे आणि त्यावरचे खड्डेही तेच आहेत. माझा सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे दुखण्याला पडणारा तात्पुरता उतार. गोळी घेतली की चार दिवस बरं वाटायचं आणि मला वाटायचं, चला, कळलं काय होतं ते. उतार पडला म्हणून निदान झालं असं होत नाही. हे कळायला मला वर्ष लागलं.

१. आधी हे तपासा: थांबायचं की लगेच पळायचं?

खालचं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि जवळचं मोठं रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८ लावा.

- पोट लाकडासारखं कडक झालंय, हात लावू देववत नाही.
- उलट्या होतायत, पोट फुगलंय, शौच तर नाहीच पण वारासुद्धा सरत नाही.
- रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. चालू असतील तर तसं सांगा.)
- पोटदुखीबरोबर थंडी वाजून ताप आणि डोळे पिवळे.
- पाळी चुकलीय आणि ओटीपोटात अचानक जोरात दुखायला लागलंय, चक्कर येतेय.
- पोटाच्या वरच्या भागात दाबल्यासारखं होतंय आणि दरदरून घाम फुटलाय. याला ‘गॅस’ समजून सोडा पिऊन झोपलेली माणसं सकाळी उठलेली नाहीत. आधी ईसीजी काढा, गॅसचं नंतर बघू.

दुसरा गट असा, की ज्यात आजच पळायची गरज नसते, पण महिनोन्‌महिने रेटायचंही नसतं. प्रयत्न न करता वजन उतरणं, संध्याकाळी अंग गरम होणं, रात्री घामाने बनियन भिजणं, दुखण्याने झोपेतून जाग येणं, शौचातून रक्त, तपासणीत हिमोग्लोबिन कमी, पोटात हाताला लागणारी गाठ, जवळच्या नातेवाइकाला आतड्याचा कर्करोग, किंवा पन्नाशीच्या पुढे पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. यातलं एकही असेल तर ‘टेन्शनमुळे असेल’ हे उत्तर तपासणीशिवाय मान्य करू नका. माझ्यात यातल्या तीन गोष्टी होत्या. वजन उतरलं तेव्हा कारखान्यात लोक विचारायचे, जिम लावली का? मीही हसून हो म्हणायचो.

२. दुखणं लिहून काढा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे वीस रुपयांची वही. मला ती अकराव्या महिन्यात सुचली. तुम्ही आज घ्या.

‘पोट दुखतं’ एवढ्याने डॉक्टरला काहीच कळत नाही. आपल्या भाषेत दुखण्याला इतके शब्द आहेत, ते वापरा. कळ येते की ठणका लागतो? मुरडा पडतो, जळजळतं, टोचतं, की नुसतं जड वाटतं आणि गुबारा धरतो? कळ म्हणजे येणारी, वाढणारी, ओसरणारी आणि परत येणारी. ठणका सलग असतो. हा फरक डॉक्टरच्या लेखी मोठा आहे, कारण पोकळ नळी अडली की सहसा कळा येतात आणि एखाद्या अवयवाला सूज आली की दुखणं एकसारखं राहतं.

मग जागा. एका बोटाने दाखवा. बोटाने दाखवताच येत नसेल, तळहात फिरवावा लागत असेल, तर तेही लिहा. दुखणं कुठे सरकतं तेही महत्त्वाचं. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली गेलं तर अपेंडिक्सची शंका घेतात. उजव्या बरगडीखालून पाठीत किंवा उजव्या खांद्याकडे गेलं, तेही तेलकट जेवणानंतर, तर पित्ताशय बघतात. पाठीत आरपार गेल्यासारखं आणि पुढे वाकून बसलं की थोडं बरं, तर स्वादुपिंड. कमरेतून जांघेकडे उतरलं तर मुतखडा. ही यादी स्वतःचं निदान करायला दिलेली नाही. डॉक्टर हे प्रश्न का विचारतात ते कळावं म्हणून दिलीय.

शौचाचं लिहायला लाजू नका. किती वेळा, घट्ट की पातळ, आव पडते का, रक्त आहे का, जाऊन आल्यावर दुखणं थांबतं की वाढतं. डॉक्टरांकडे यासाठी ‘ब्रिस्टल’ नावाचा सात चित्रांचा तक्ता असतो, पहिलं चित्र लेंड्यांसारखं आणि सातवं निव्वळ पाणी. तो बघून नुसता आकडा लिहिला तरी चालतं. बायकांनी पाळीची तारीख प्रत्येक पानावर टाकावी. दर महिन्याला त्याच दिवसांत दुखत असेल, तर ते फक्त तारखांवरूनच उमगतं.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो:

*१३ जानेवारी, भोगी. दुपारी १ ला भोगीची भाजी, बाजरीची भाकरी. ३ ला बेंबीच्या उजवीकडे खाली कळा, दर पाच-सात मिनिटांनी. पोटात गुडगुड, हाताखाली गोळा सरकल्यासारखा. ५ ला वारा सरला, मोकळं वाटलं. संध्याकाळी ताप ९९.८. रात्री जेवलो नाही.*

पुण्याच्या पोटविकारतज्ज्ञांनी हे पान दोनदा वाचलं आणि विचारलं, “पालेभाजी, शेंगा, पेरू, असं चोथ्याचं खाल्लं की दोन-तीन तासांनी दुखतं, आणि नुसती पेज घेतली की दुखत नाही, असं आहे का?” मी मागची पानं चाळली. तसंच होतं. आतडं कुठेतरी अरुंद झालं असावं, हा अंदाज त्यांनी तपासणीआधी वहीवरून बांधला. तीन आठवड्यांच्या नोंदी पुरतात. रोज दोन ओळी.

३. कोणत्या गोळ्या खाल्ल्या ते कबूल करा

इथे आपण सगळे खोटं बोलतो, किंवा विसरतो. मेडिकलवाल्याकडून घेतलेली गोळी आपल्या लेखी औषधच नसते.

रिकाम्या पोटी घ्यायच्या पित्ताच्या गोळ्या (पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे) अल्सरची लक्षणं दाबतात आणि पोटातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ आणू शकतात. त्या तपासणीआधी साधारण २ आठवडे या गोळ्या आणि ४ आठवडे अँटिबायोटिक बंद असावी लागतात. हे सांगायचं काम डॉक्टरचं, पण तुम्हीही विचारा.

अंगदुखी, गुडघेदुखीसाठीच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या जठराला आणि आतड्याला जखमा करतात. पोट दुखतं म्हणून तीच गोळी घेणारे लोक मी पाहिलेत.

माझी चूक वेगळी होती. जुलाब झाले की ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी घ्यायची, हे आमच्याकडे घराघरात चालतं. १३ महिन्यांत मी ती निदान सहा वेळा, दोन-तीन दिवसांपुरती घेतली. ऑफ्लॉक्सॅसिनच्या गटातली औषधं टीबीच्या जंतूवरही थोडीफार चालतात. म्हणजे रोग मरत नाही, नुसता दबतो आणि निदान लांबतं. हे ऐकून डॉक्टर चिडले नाहीत, पण पेन खाली ठेवलं त्यांनी.

चूर्ण, काढे, भस्मं हेही सांगा. सोनामुखी असलेलं चूर्ण रोज घेतलं तर पोटात मुरडा येऊ शकतो. काही भस्मांमध्ये शिसं असतं आणि शिशाच्या विषबाधेत पोटात जबरदस्त कळा येतात, रक्त कमी होतं. डॉक्टरने विचारल्याशिवाय हे कोणी सांगत नाही आणि सगळे डॉक्टर विचारत नाहीत. तंबाखू, मिश्री, दारू यांचंही खरं सांगा.

मात्र रक्तदाब, मधुमेह, हृदय, फिट्स किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.

४. एक फाईल करा

- वही, आणि तिचा एक पानी सारांश: कधी सुरू झालं, कसं दुखतं, वजन तेव्हा आणि आता.
- सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे, सगळ्यात जुना खाली.
- सोनोग्राफी आणि सीटीची फिल्म किंवा सीडी. नुसता कागद पुरत नाही.
- सर्व चिठ्ठ्या, आणि रिकाम्या पाकिटांचे मोबाइलवर फोटो.
- आधीच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड. जुन्या ऑपरेशनच्या जागी आतडी चिकटूनही पोट दुखतं, त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचं अपेंडिक्सही चालतं इथे.
- कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी, ते ठळक अक्षरात.
- आधार, रेशन कार्ड, विमा कार्ड यांच्या प्रत्येकी दोन झेरॉक्स.
- प्रत्येक बिलाची पावती. का, ते नवव्या पायरीत.

दवाखान्याची पिशवी आणि ही फाईल वेगळी ठेवा. आमच्याकडे एकदा सीडी भाजीच्या पिशवीत गेली आणि कोथिंबिरीबरोबर धुतली गेली.

५. आधी कोणाकडे जायचं?

थेट सुपरस्पेशालिस्ट गाठायची गरज सहसा नसते. तुमचं वजन, तुमचं घर, तुमचा स्वभाव माहीत असलेला फॅमिली डॉक्टर असेल तर तिथून सुरुवात करा. पण त्याला एक मुदत द्या. दोन-तीन आठवड्यांच्या औषधाने थांबलं नाही, किंवा थांबून परत आलं, तर फिजिशियन किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे चिठ्ठी मागा. चांगला डॉक्टर चिठ्ठी मागितल्यावर रागावत नाही.

पाळीशी जोडलेलं दुखणं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ. खडे, हर्निया, अपेंडिक्स याचा संशय असेल तर सर्जन. पण नुसत्या संशयावर ‘अपेंडिक्स काढून टाकू, बघू थांबतंय का’ असं कोणी म्हणालं आणि तातडीचं काही नसेल, तर दुसरं मत घ्या.

मी केलेली आणि बहुतेक सगळे करतात ती चूक म्हणजे दर दोन महिन्यांनी नवा डॉक्टर. प्रत्येक जण पहिल्या पानापासून सुरू करतो आणि पहिल्या पानावर अ‍ॅसिडिटीच लिहिलेली असते. एकाच डॉक्टरकडे तिसऱ्यांदा गेलात तर तो म्हणतो, अरे, हे अजून आहे? मग वेगळा विचार होतो.

६. डॉक्टरसमोर

तुम्हाला पाच-सात मिनिटं मिळतील. पहिलं वाक्य घरून ठरवून जा. ‘डॉक्टर, मला गॅसचा त्रास आहे’ अशी सुरुवात केलीत तर गॅसचंच औषध मिळेल. निदान तुम्ही सांगू नका, लक्षण सांगा: ‘सात महिन्यांपासून जेवल्यावर दोन तासांनी बेंबीच्या उजवीकडे कळा येतात, वजन ६ किलो उतरलंय.’

सोबत कोणाला तरी न्या. मी घरी येऊन ‘काही नाही म्हणाले’ एवढंच सांगायचो. बायको पहिल्यांदा बरोबर आली आणि डॉक्टरला म्हणाली, “रात्री यांची उशी भिजलेली असते.” मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. वैशाखात घाम येणारच, असं माझं गणित. आणि ती थंडीतली गोष्ट सांगत होती.

उठण्याआधी तीन प्रश्न विचारा. तुम्हाला कशाकशाची शंका आहे? या तपासणीतून त्यातलं काय ठरेल? आणि औषधाने बरं वाटलं नाही तर किती दिवसांनी यायचं? उत्तरं तिथेच वहीत लिहा.

डॉक्टरने टेबलावर झोपवून पोट दाबून पाहिलं नाही, तर नम्रपणे सांगा, एकदा तपासून बघता का. माझ्या पहिल्या दोन डॉक्टरांनी पोटाला हात लावला नव्हता.

७. तपासण्या: काय, कशासाठी, आणि कुठे फसतं

*रक्त आणि शौच.* हिमोग्राम, ईएसआर आणि सीआरपी (अंगात सूज आहे का ते सांगणाऱ्या), लिव्हर, किडनी, साखर, गरजेप्रमाणे लायपेज (स्वादुपिंडासाठी), थायरॉइड. शौचाची साधी तपासणी, लपलेलं रक्त, आणि कॅलप्रोटेक्टिन. यातली शेवटची तपासणी आतड्याला खरोखर सूज आहे का ते सांगायला उपयोगी पडते, पण वेदनाशामक गोळ्यांनी ती उगाच वाढलेली दिसू शकते. गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात तो सिलिअ‍ॅक आजार तपासायचा असेल, तर तपासणीआधी चपाती सोडू नका. गहू बंद केल्यावर तपासणी चुकीची ‘नॉर्मल’ येऊ शकते.

टायफॉइडसाठीच्या विडाल या रक्ततपासणीबद्दल एक शब्द. ताप आणि पोटदुखी म्हटलं की आपल्याकडे विडाल होते, ती थोडी वर येते आणि ‘टायफॉइड’ म्हणून सलाइन लागतं. एकट्या विडालवर भरवसा ठेवता येत नाही, जुना संसर्ग किंवा दुसराच ताप असला तरी ती वर येते. मला वर्षात दोनदा ‘टायफॉइड’ झाला होता.

*सोनोग्राफी.* सहा ते आठ तास उपाशी, आणि ओटीपोट बघायचं असेल तर लघवी तुंबवून. उपाशी म्हणजे चहासुद्धा नाही, कारण दुधाने पित्ताशय आकसतं आणि खडे नीट दिसत नाहीत. मी पहिल्यांदा पुण्याला निघालो तेव्हा एसटी शिरवळला थांबली आणि सवयीने अर्धा कप प्यायलो. परत पाठवलं. सोनोग्राफीला पित्ताशय, यकृत, किडनी छान दिसतात, पण आतड्याच्या आतला भाग दिसत नाही. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ याचा अर्थ पोटात काही नाही असा घेऊ नका. माझी पहिली नॉर्मल होती.

*एंडोस्कोपी.* तोंडातून दुर्बीण, जठरापर्यंत आणि थोडं पुढे. दहा मिनिटांच्या आत होते. घशात फवारा मारतात, मागितलं तर गुंगीचं इंजेक्शन देतात. गुंगी घेतली तर त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

*कोलोनोस्कोपी.* याची लोकांना सगळ्यात जास्त भीती, आणि खरा त्रास आदल्या रात्रीचा असतो. शौचमार्गातून दुर्बीण घालून मोठं आतडं पूर्ण बघतात आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकातही डोकावतात. तिथेच, लहान आणि मोठं आतडं जोडलं जातं त्या जागी, आतड्याचा टीबी सर्वांत जास्त सापडतो. त्यामुळे ‘लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाणार ना?’ असं आधी विचारून ठेवा.

तयारी अशी. दोन-तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, फळांच्या बिया, शेंगदाणे, तीळ बंद. मऊ भात, दही, सालीविना बटाटा. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवायला सांगतात. आदल्या दिवशी पावडर पाण्यात कालवून देतात, औषधाप्रमाणे दोन ते चार लिटर. चव खारट-गोड, लिंबू पिळलेल्या मिठाच्या पाण्यासारखी. थंड करून, स्ट्रॉने, सावकाश प्या. रात्रभर संडास सोडवत नाही, त्यामुळे घरात एकच संडास असेल तर बाकीच्यांना कल्पना द्या. शेवटी पिवळसर स्वच्छ पाणी पडायला लागलं की तयारी झाली. अर्धवट प्यायलात तर आतडं स्वच्छ दिसत नाही आणि सगळं परत करावं लागतं. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचं काय करायचं, ते लेखी घ्या. आणि महत्त्वाचं: पोट फुगून उलट्या होत असतील, आतडं अडल्याची शंका असेल, तर ही पावडर विचारल्याशिवाय पिऊ नका.

आता जी गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती ती सांगतो. दुर्बिणीतून जे तुकडे काढतात ते बहुतेक ठिकाणी फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. सूक्ष्मदर्शकासाठी ते बरोबर आहे. पण टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, करायचं तर फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, त्यासाठी वेगळा तुकडा सलाइनमध्ये लागतो. माझी पहिली कोलोनोस्कोपी झाली तेव्हा सगळे तुकडे फॉर्मलिनमध्ये गेले, रिपोर्ट आला ‘जुनाट सूज’, आणि सगळी तयारी दुसऱ्यांदा करावी लागली. टीबीची थोडी जरी शंका असेल तर आधीच विचारा: कल्चर आणि जीनएक्स्पर्टसाठी (टीबीचा जंतू झटपट शोधणारी तपासणी) सलाइनमध्ये नमुना घेणार का, आणि ती बाटली कोण, कधी नेणार? बाटली न्यायचं काम अनेकदा नातेवाइकावर येतं.

*सीटी स्कॅन.* लहान आतडं मधूनच अरुंद झालंय का, गाठी आहेत का, ते यात दिसतं. शिरेतून औषध देतात, अंगातून गरम लाट गेल्यासारखी वाटते, घाबरू नका. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, लागते. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी सांगा.

८. रिपोर्ट हातात आल्यावर

पाकीट फोडून घरी वाचणार, हे मला माहितीये. मग एवढं लक्षात ठेवा. रिपोर्टमध्ये लिहिलेलं सगळंच तुमच्या दुखण्याचं कारण नसतं. ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ (यकृतात थोडी चरबी) आजकाल बऱ्याच लोकांच्या कागदावर दिसतं आणि त्याने कळा येत नाहीत. पित्ताशयात गप्प पडून राहिलेले खडे खूप जणांना असतात. लक्षण जुळत नसताना फक्त ते दिसले म्हणून पित्ताशय काढलं, तर दुखणं जागेवरच राहतं. बारीक गाठी, ‘सौम्य जठरदाह’, हेही तसंच. डॉक्टरला एकच विचारायचं: हे जे दिसलंय त्याने माझ्या वहीतलं दुखणं समजावता येतं का?

बायोप्सीचा, म्हणजे काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीचा, कागद मिळाला की काम संपत नाही. मेणाचा ब्लॉक आणि काचा लॅबकडे असतात, दुसरं मत घ्यायचं तर त्या मागता येतात. मी मागितल्या तेव्हा काउंटरवरच्या मुलीला नवल वाटलं, पण दिल्या.

९. पैशाचं गणित

विमा असला तरी बाहेरून केलेल्या तपासण्यांचे पैसे बहुतेक पॉलिसींत मिळत नाहीत. मग लोकांना वाटतं, एक दिवस अ‍ॅडमिट होऊन सगळ्या करून घेऊ. फक्त तपासणीसाठीचं अ‍ॅडमिशन पॉलिसीच्या अपवादांत बसतं आणि दावा नाकारला जातो. पण तुम्ही खरोखर उपचारासाठी दाखल झालात, तर त्याआधीच्या ठरावीक दिवसांतला, बऱ्याच पॉलिसींत ३० किंवा ६० दिवसांतला, त्याच आजाराचा खर्च मागता येतो. म्हणून पावत्या.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. ते ठरलेल्या उपचारांसाठी, यादीतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावर. तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं, बिल व्हायच्या आधी त्याला भेटा. हेल्पलाइन १५५३८८.

सरकारी रस्ता हळू असला तरी खरा आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. दुर्बिणीच्या तपासणीसाठी मात्र बहुतेकदा वैद्यकीय महाविद्यालय गाठावं लागतं: पुण्यात ससून, मुंबईत केईएम, नायर, सायन. सिंधुदुर्गातली माणसं पूर्वीपासून गोव्याच्या बांबोळीला जातात. केसपेपरच्या रांगेला सकाळी लवकर लागा, आणि कोणत्या वारी कोणती ओपीडी असते ते आधी विचारून निघा, नाहीतर एक दिवस आणि एसटीचं भाडं गेलं.

१०. ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणाले तर

हेही होतं, आणि वेडं ठरवल्यासारखं वाटतं. पण आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा खरा आजार आहे. आतडं दिसायला ठीक असतं, वागायला हळवं. ढोबळ नियम असा, की गेले तीन महिने आठवड्यातून निदान एक दिवस दुखणं, ते शौचाशी जोडलेलं, शौचाची संख्या बदललेली, घट्टपणा बदललेला, यातल्या निदान दोन गोष्टी, आणि सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची. पहिल्या पायरीतलं धोक्याचं एकही लक्षण नसेल आणि हे जुळत असेल, तर हे पक्कं निदान आहे. तरीही पुढे वजन उतरायला लागलं किंवा रात्री जाग यायला लागली, तर ते निदान पुन्हा उघडायचं. मला आयबीएस सांगितलं तेव्हा ८ किलो गेले होते.

कधी दुखणं पोटाच्या आत नसतंच, पोटाच्या भिंतीत असतं. आडवं पडून मान उचलून पोट ताठ केलं आणि त्याच ठिकाणी दाबल्यावर जास्त दुखलं, तर डॉक्टर स्नायू किंवा नस बघतात. दहा सेकंदांची तपासणी आहे, बिनखर्चाची.

आणि कधी उत्तर दोन आजारांमध्ये अडकतं. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणि जखमा करणारा आजार) दुर्बिणीतून जुळ्या भावंडांसारखे दिसतात. गोची अशी, की क्रोन्ससाठी स्टिरॉइड देतात आणि टीबी असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर तो पसरू शकतो. त्यामुळे आपल्याकडे शंका मिटत नसेल, तर आधी टीबीचं औषध सुरू करून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीतून जखमा भरल्या का ते पाहतात. तेव्हा ‘अजून नक्की नाही, पण औषध सुरू करू’ असं कोणी म्हणालं तर लगेच डॉक्टर बदलू नका. पुढची तपासणी कोणत्या तारखेला, एवढं मात्र विचारून घ्या.

माझं दुसऱ्या तुकड्याचं जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आलं, पण कल्चरमध्ये जंतू वाढला. त्याला काही आठवडे लागले, तोवर औषध सुरू झालं होतं. टीबी निघाला तर खासगी डॉक्टरलाही सरकारकडे नोंद करावीच लागते, त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट फायदा आहे. सरकारी केंद्रातून औषधं फुकट मिळतात, आणि निक्षय पोषण योजनेचे (टीबीच्या रुग्णाच्या आहारासाठीची सरकारी मदत) महिन्याला १००० रुपयांच्या हिशेबाने पैसे बँक खात्यात येतात. त्यासाठी पासबुकाची झेरॉक्स द्या. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली की दचकू नका, ते औषधाचं आहे. डोळ्यांना धूसर दिसलं किंवा डोळे पिवळे झाले तर मात्र त्याच दिवशी कळवा. आतड्यातला टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही, तरी छातीचा एक्स-रे काढून घ्यायचा असतो. माझी ताट-वाटी आईने पंधरा दिवस वेगळी ठेवली होती. तिला समजावायला आमच्या आशाताईंना दोन फेऱ्या माराव्या लागल्या.

दोन महिन्यांनी पुन्हा ती खारट-गोड पावडर प्यायलो. जखमा भरत आल्या होत्या, फक्त अरुंद जागा थोडी राहिली होती. सहा महिन्यांनी गोळ्या बंद झाल्या. वही अजून चालू आहे, पण आठवड्याला एकच ओळ. यंदाच्या भोगीला भाजी अर्धी वाटी खाल्ली आणि सवयीने घड्याळ बघत बसलो. ३ वाजता काही नाही. ५ वाजता काही नाही. वजन ६५.